साउंडच्या तंबूच्या डाव्या हाताला

४ एप्रिल

ताई,

पत्र बघून तुम्हाला नवल वाटेल. तुम्ही माझा फोन उचलत नाही, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एक गोष्ट विचारायची आहे आणि ती तुमच्याशिवाय कुणाला विचारता येणार नाही.

तुमच्या भावाचा फोन पाच महिने कपाटात पडून होता. आता नंबर बंद करायचा म्हणून मागच्या आठवड्यात तो चार्ज केला आणि त्यातले मेल बघितले. चष्म्याच्या दुकानाचे मेल होते, काचांच्या ऑर्डरी होत्या, आणि मध्येच दोन तिकिटं. वीस मेला, गावाबाहेरच्या मैदानावर, दुपारी बारापासून गाण्यांचा कार्यक्रम. वर 'पॉप पंक' असं लिहिलंय. मला आधी वाटलं काहीतरी खाण्याचा प्रकार असेल. तिकिटं काढली आहेत ऑक्टोबरात. नोव्हेंबरात तो गेला.

त्याच फोनमध्ये दोनशेच्या वर गाणी निघाली. मी ऐकली. सगळी धावत सुटल्यासारखी, गाणारा नाकात गातो आणि अडीच मिनिटांत गाणं संपतं. चाल लग्नघरातली आणि शब्द दवाखान्यातले. हे गाव सोडून जाईन, तू मला ओळखलंच नाहीस, आई दार उघड, असलं काहीतरी. बावन्न वर्षांचा माणूस, इस्त्रीच्या शर्टाशिवाय दुकानात जायचा नाही. तो हे ऐकायचा? कधी? आम्ही एका खोलीत झोपत होतो, ताई.

तुम्हाला हे माहीत होतं का? आई गेल्यावर तुम्हीच त्याला वाढवलंत. माझ्यापेक्षा तीस वर्षं जास्त ओळखत होतात तुम्ही त्याला. दुसरं तिकीट कुणाचं असेल?

बाकी माझं ठीक आहे. पडद्यांची कामं येतात. एका शाळेच्या सभागृहाचे पडदे शिवते आहे, बावीस फुटांचे, घरात पाय ठेवायला जागा नाही.

दवाखान्यातल्या त्या चार दिवसांबद्दल मी तेव्हा तुम्हाला दारात जे सांगितलं, तेच आहे. सगळं फार पटकन झालं. त्यात आणखी सांगण्यासारखं काही नाही.

वहिनी


२ मे

ताई,

तुमचं उत्तर आलं नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणजे पोहोचलं असणार.

तुमच्यासमोर मी त्याला कधी अरे-तुरे केलं नाही. पत्रात करते आहे. रागावू नका, आता 'अहो' म्हटलं की दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतेय असं वाटतं.

तो दरवर्षी उन्हाळ्यात दोन दिवस काच कंपनीच्या प्रशिक्षणाला जायचा, आठवतं? नऊ वर्षं जात होता. येताना मान भाजून लाल झालेली असायची. मी विचारलं की म्हणायचा, "जेवण बाहेर अंगणात ठेवतात गं." परवा मी कंपनीत फोन केला. फोनवरची बाई फार गोड बोलली. म्हणाली, "आमच्याकडे उन्हाळ्यात कसलंच प्रशिक्षण नसतं. कधीच नव्हतं."

मी पाणी प्यायले आणि पुन्हा मशीनवर बसले. दोन तास शिवलं. मग बघितलं तर अस्तर उलटं लावलं होतं, सगळं उसवावं लागलं.

आणखी एक आहे. त्याच्या मेलमध्ये एका दातांच्या डॉक्टरचा मेल आहे. बाई आहे. एकच ओळ: "यंदाही तिथंच. साउंडच्या तंबूच्या डाव्या हाताला, दोन वाजता. चुकवू नकोस." मी ती ओळ किती वेळा वाचली असेल, मोजलं नाही. 'नकोस' लिहिलंय, ताई. 'नका' नाही.

तुम्ही म्हणाल, मेलेल्या माणसावर संशय घेतेस. घेते. जिवंत होता तेव्हा घेतला नाही, एवढं तरी माझ्या नावावर जमा धरा.

शेजारीण म्हणते, जाऊ नकोस, जे गेलं ते गेलं. मला ते कळतं. पण मशीनवर बसले की सुई थांबते आणि मी खिडकीतून बघत बसते. मला नक्की काय हवंय तेच कळत नाही. ती बाई भेटली तर तिला काय विचारणार आहे? आणि भेटली नाही तर?

मी जाणार आहे. त्याच्या तिकिटावर नाही, दुसऱ्यावर. ते कुणाचं का असेना.

वहिनी


२१ मे

ताई,

काल जाऊन आले. पाय सुजलेत, कान अजून गुणगुणतायत, नाकाचं कातडं निघतंय. जसं झालं तसं लिहिते. मला स्वतःलाच अर्थ लागत नाहीये. लिहिताना लागला तर बरं.

गावाबाहेर तासभर बसनं जावं लागतं. मैदान म्हणजे पूर्वी गवत असावं, आता धूळ. फाटकावरच्या पोरीनं माझ्या मनगटाला कापडी पट्टी बांधली आणि फोनवर बघून म्हणाली, "यावर दोन तिकिटं आहेत. दुसरे कुठेत?"

मी म्हटलं, "येतायत मागून."

का म्हटलं, विचारू नका. तोंडातून निघून गेलं.

आत माझ्या वयाचं कुणी नसेल असं मला वाटलं होतं. होते की. टक्कल पडलेले, पोट सुटलेले, दंडावर फिकट झालेली चित्रं गोंदलेले बापे. त्यांच्या शेजारी त्यांची पोरं, कानावर मोठाले हेडफोन. सगळ्यांचे शर्ट काळे, त्या उन्हात. आणि स्टेजवरचं छत, ताई. एवढं मोठं कापड आणि मधला जोड कुठं दिसेना. मी खरंच पाच मिनिटं तेच बघत उभी होते. मग लक्षात आलं की मी वेळ काढतेय.

साउंडचा तंबू मैदानाच्या मधोमध असतो. आत मशीनं घेऊन माणसं बसतात, आवाज कमीजास्त करतात. त्याच्या डाव्या हाताला दोघं उभी होती. एक माणूस, खांबासारखा उंच. आणि एक बाई. ताई, मी महिनाभर डोक्यात जिला घेऊन फिरत होते ती पस्तिशीची, नाजूक होती. ही साठीची. केस जांभळे रंगवलेले, गुडघ्याला पट्टा, डोक्यावर पिशवीसारखी टोपी. डब्यातून काकडीच्या फोडी खात होती.

मी जवळ जाऊन म्हटलं, "तुम्ही दातांच्या डॉक्टर का?"

"हो. तुम्ही?"

मी त्याच्या दुकानाचं नाव सांगितलं. म्हटलं, "मी त्यांची बायको."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग त्या उंच माणसाचा चेहरा नुसता उजळला. तो बस चालवतो, मग कळलं. म्हणाला, "शेवटी आणलं म्हणायचं चष्मेवाल्यानं. दोन वर्षं म्हणतोय, यंदा बायकोला आणणार, यंदा आणणार."

डॉक्टर म्हणाली, "बायकोला? मला तर म्हणाला होता बहिणीला आणणार."

"छे, बायकोला."

"अरे, माझ्यासमोर म्हणाला. ताईला एकदा हे दाखवायचंय, म्हणाला."

दोघं त्यावरून वाद घालायला लागली. मी ऐकत राहिले. कोण खरं, मला माहीत नाही. त्यांनाही माहीत नाही. मग ड्रायव्हरनं मान वर करून गर्दीवरून नजर टाकली आणि विचारलं, "आहे कुठं तो?"

ताई, त्या क्षणी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "येतोय. पाणी भरून घेतोय."

तिथून अडीच तास मी ते खोटं सांभाळलं. ड्रायव्हरनं त्याच्यासाठी थंड पाण्याची बाटली पिशवीत सावलीला ठेवली. डॉक्टरनं तिची चटई पसरून त्याची जागा धरली. कुणी तिथं उभं राहायला लागलं की म्हणायची, "आमचा माणूस येतोय." आणि मी मान हलवत होते. एकदा मलाही वाटलं, येईल. खरंच सांगते. उंच काठीला लावलेली निशाणं हलत होती, त्यांच्या खालून लोक येत होते, आणि मी त्यांच्यात इस्त्रीचा शर्ट शोधत होते.

मधल्या वेळात ती दोघं मला त्याच्याबद्दल सांगत होती. मी घरची, आणि ती मला सांगत होती. नऊ वर्षांपूर्वी ड्रायव्हरचा चष्मा धक्काबुक्कीत तुटला. तेव्हा कडेला एकटाच उभा असलेला हा पुढं आला, किल्ल्यांच्या जुडग्यातला बारका पेचकस काढला आणि त्या गोंधळात उकिडवा बसून दांडी जोडून दिली. तेव्हापासून चष्मेवाला. दर साली कुणाकुणाचे चष्मे घेऊन लोक त्याच्याकडे यायचे. डॉक्टर म्हणाली, "नाचायचा मात्र भयंकर. हात कुठं, पाय कुठं."

नाचायचा. तुमचा भाऊ. आमच्या लग्नात त्याला हात धरून ओढलं तरी तो खुर्चीवरून उठला नव्हता.

स्टेजसमोर लोक गोल करून पळतात, एकमेकांना खांद्यानं ढकलतात. मला वाटलं मारामारी जुंपली. मग बघितलं, कुणी पडला की ज्यांनी ढकललं तेच चौघं वाकून उचलतात, धूळ झटकतात, बूट सापडला का विचारतात, आणि पुन्हा ढकलतात. ड्रायव्हरनं मला कानात घालायला नारिंगी स्पंजचे बोळे दिले. ते घातल्यावर आवाज लांब गेला, पण छातीत ढोल वाजतच होता.

साडेचारच्या सुमाराला एक बँड आला. पहिले सूर लागताच डॉक्टरनं माझा दंड धरला. "त्याचं गाणं. कुठाय तो? बोलवा ना त्याला." ड्रायव्हर टाचा उंचावून चारी बाजूंना बघायला लागला. सगळं मैदान गात होतं. मी तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. तिला ऐकू आलं नाही. बोळा काढून म्हणाली, "काय?" मी पुन्हा सांगितलं. "काय?" मग मी ओरडले. आणि ही गाणी अशी तटकन तुटतात, ताई, सूचना न देता. गाणं संपलं आणि त्या शांततेत माझा आवाज तेवढा उरला. "तो गेला. नोव्हेंबरातच गेला."

आजूबाजूची अनोळखी माणसं वळून बघायला लागली. मला वाटलं जमीन फाटावी. डॉक्टर माझ्याकडे बघत होती, कानाचा बोळा तसाच चिमटीत. ड्रायव्हर होता तिथं खाली बसला, धुळीत, लहान मूल बसतं तसा. मग डॉक्टर बसली, गुडघा धरून. मग मी.

पुढचं गाणं सुरू झालं. भोवती सगळे उड्या मारत होते. पण आमच्या भोवतीच्या लोकांनी हात पसरून कडं केलं, आमच्यावर कुणी पडू नये म्हणून. एक घामानं भिजलेला माणूस वाकून म्हणाला, "कुणाला लागलंय का?"

ते ऐकून डॉक्टर एकदम हसली आणि हसताहसता रडायला लागली. मला कळेना. मग तिनं सांगितलं. तो त्यांना सांगायचा, लग्न नवं होतं, तेव्हा त्यानं एक गिटार आणली होती. पहिल्याच दिवशी खोलीत बसून वाजवत होता, गात होता. घरातून आवाज आला, "कुणाला लागलंय का?" आणि सगळे हसले. त्यानं गिटार पिशवीत घातली ती परत काढली नाही. "इथं हे वाक्य ऐकलं की तो दर वेळी हसायचा," डॉक्टर म्हणाली. "म्हणायचा, इथं निदान खरंच विचारतात."

ताई, मला आठवत नाही. गिटार आठवते, कपाटावर धूळ खात होती आणि एक दिवस नव्हती. पण ते वाक्य मी म्हटलं होतं का? माझ्या बोलण्यासारखं आहे, हे मला कळतं. माझी जीभ तशीच आहे. बावीस वर्षं त्यानं मला हे कधी ऐकवलं नाही. एका वाक्यासाठी माणूस नऊ वर्षं खोटं बोलून गावाबाहेर जातो? की वाक्य हे नुसतं निमित्त, आणि त्याला कुठंतरी आमच्याशिवाय असायचं होतं? मी रात्रभर हेच उलटसुलट करते आहे.

तुम्ही तेव्हा आमच्याकडेच राहायचात. त्या घरात आपण तिघंच होतो. मी म्हटलं होतं का? तेवढं एक सांगा. बाकी काही लिहू नका हवं तर.

वहिनी


११ जून

ताई,

तुमचं पत्र मिळालं. दोनच ओळी.

"ते मी म्हटलं होतं. स्वयंपाकघरातून. तू फक्त हसलीस."

मला वाटलं होतं, असं काही कळलं तर हलकं वाटेल. तसं झालं नाही. आधी तुमचा राग आला. मग तुम्ही हे लिहिण्याआधी इतके दिवस काय केलं असेल, ते डोळ्यांसमोर आलं. आणि 'तू फक्त हसलीस', हे तुम्ही मला सोडवायला लिहिलंत की अडकवायला, ते कळेना. दोन्ही असेल.

तुम्ही खरं लिहिलंत. आता माझ्या अंगावर आलं.

त्यानं तुम्हाला बोलवायला सांगितलं होतं. एकदा नाही, दोनदा. पहिल्या दिवशी संध्याकाळी म्हणाला, "ताईला कळवलंस का?" मी म्हटलं, "उद्या करते फोन." दुसऱ्या दिवशी मी केला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा म्हणाला, "ताईला बोलाव गं. ती बघेल." मी म्हटलं, "डॉक्टर आहेत की बघायला." त्यानंतर तो फारसं बोललाच नाही.

फोन पर्समध्ये होता. चार्ज होता. सगळं पटकन झालं हे खोटं आहे. चार दिवस पुष्कळ असतात.

का नाही केला, ते लिहिते. तुम्ही नर्स. तो आजारी पडला की तुम्ही आठ तासांचा प्रवास करून यायचात, पिशवी ठेवायच्या आधी त्याचा हात हातात घ्यायचात, आणि मग त्या घरात मी चहा करणारी बाई व्हायचे. काविळीत तेच झालं, पाय मोडला तेव्हा तेच. मला वाटलं, डॉक्टर म्हणतायत पोटाचं इन्फेक्शन आहे, दोन दिवसांत घरी सोडू. एवढे दोन दिवस तो माझा पेशंट असू दे. माझ्या हातून बरा होऊ दे. यापलीकडे काही नव्हतं मनात. पण होतं ते एवढं होतं.

तिसऱ्या दिवशी मी त्याच्या अंगावरची चादर नीट करत होते, तेव्हा पोट हाताला फळीसारखं लागलं. मला वाटलं गॅस धरलाय. मी कुणाला सांगितलं नाही. मी कापड ओळखते, ताई, पोट नाही. तुम्ही ओळखलं असतंत.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. शेजारणीला नाही, मैदानावरच्या त्या दोघांनाही नाही.

माफी मागत नाही. तुम्ही हो म्हणालात तरी मला पटणार नाही आणि नाही म्हणालात तर झेपणार नाही.

वहिनी


१९ जुलै

ताई,

आज तुम्ही गेलात. घरात अजून तुमच्या साबणाचा वास आहे.

तुम्ही न कळवता दारात उभ्या राहिलात तेव्हा मला वाटलं, आता मारणार. खरंच वाटलं. जमिनीवर चौदा फुटांचा पडदा पसरलेला होता. तुम्ही चपला काढल्यात, कापडावर पाय पडू न देता भिंतीच्या कडेनं आत आलात आणि खुर्चीत बसलात. पाणीसुद्धा तुम्हीच उठून घेतलंत.

मग तुम्ही विचारत गेलात. ताप किती होता. उलटी कधी झाली, कुठल्या रंगाची. लघवी झाली का. पोट कडक लागलं तेव्हा किती वाजले होते. हात लावल्यावर तो कण्हला का. मी आठवेल तसं सांगत होते. तुमचा आवाज सगळा वेळ वॉर्डातला होता, आणि हात मांडीवर एकमेकांना घट्ट धरून होते. मी ते हात बघत बोलत होते.

शेवटी मी विचारलं, "तुम्ही आला असतात तर वाचला असता?"

तुम्ही पडद्याकडे बघत बसलात. मग म्हणालात, "माहीत नाही. आणि माहीत असतं तरी तुला सांगितलं नसतं."

मी तेव्हापासून हे वाक्य शिवणीसारखं दोन्ही बाजूंनी बघते आहे. एका बाजूनं ते तुमचं मोठेपण वाटतं. दुसऱ्या बाजूनं जन्मठेप. कुठली बाजू वरची आहे ते कळत नाही. तुम्हाला तरी कळलं असेल का, की माझ्यासारखंच तोंडातून निघून गेलं?

त्यानंतर तुम्ही पलंगावर तो झोपायचा त्या बाजूला आडव्या झालात आणि दोन तास झोपलात. घोरत होतात. मी आवाज नको म्हणून मशीन बंद ठेवलं आणि हातानं टाके घालत बसले. उठल्यावर तुम्ही काही न बोलता पडद्याचं दुसरं टोक धरलंत. आपण दोघींनी मिळून घडी घातली. चार वेळा टोकं जुळवताना आपले हात लागले, आणि दर वेळी तुम्ही "हं" म्हणालात. एवढंच बोललात.

मी त्या दोघांबद्दल सांगायला लागले, डॉक्टर आणि ड्रायव्हर, तर तुम्ही थांबवलंत. म्हणालात, "आत्ता नको. ते मला झेपेल तेव्हा विचारीन." पण बाहेर पडताना दारात तुम्हीच विचारलंत, "नाचायचा म्हणजे नक्की कसा?" मी करून दाखवलं, हात कुठं, पाय कुठं. तुम्ही हसला नाहीत. एका हातानं चौकट धरून बघत राहिलात आणि म्हणालात, "पुन्हा दाखव."

बसथांब्यावर मी म्हटलं, "पोहोचलात की मी फोन करीन."

तुम्ही म्हणालात, "फोन नको. फोनवर तू उद्या म्हणतेस. पत्र लिही."

बस गेल्यावर मी तिथंच बाकावर बसून राहिले. तीन बसेस आल्या आणि गेल्या. तिसऱ्या बसच्या ड्रायव्हरनं दार उघडून विचारलं, "यायचंय का?" मी नाही म्हटलं, घरी आले आणि कागद काढला. तुम्ही घरी पोहोचायच्या आधी हे पत्र पोहोचणार नाही, ते मला कळतं. तरी पोहोचलात की कळवा. तुम्ही फोन केलात तरी चालेल. तुम्ही उद्या म्हणत नाही.

वहिनी